प्रतिमानिषेधाचे कायदे आणि त्यांतील अपवाद

निषेधक कायद्याचा इतिहास लिहितांना अभ्यासकाचें लक्ष साहजिकच निषेधाकडे जातें. अपवादाकडे सहसा जात नाहीं. अश्लील किंवा उग्र प्रतिमांवरील कायद्यांच्या बाबतींत ही रीत फसवी आहे, असें आमचें मत आहे. "अश्लील" म्हणजे काय हें आपल्या दंडसंहितेनें पहिलीं शंभरांहून अधिक वर्षें सांगितलेंच नाहीं. तेव्हां कायद्याला कोणाची धास्ती होती, कोणाविषयीं अदब होती आणि कोणाला त्यानें स्वतःचें निर्दोषत्व सिद्ध करावयास लावलें, हें कळण्यास त्यांतील अपवादांसारखें दुसरें साधन नाहीं. प्रस्तुत लेखांत १८५६ पासून २०२४ पर्यंतच्या अशा कायद्यांचा व त्यांवरील वादांचा विचार या एका दृष्टीनें करावयाचा आहे. वाङ्मयावरील खटल्यांचा उल्लेख प्रतिमांच्या प्रश्नाशीं जेवढा संबंध येतो तेवढाच केला आहे.

१

कंपनी सरकारच्या अमदानींत, १८५६ सालीं, अश्लील पुस्तकें व चित्रें यांची विक्री आणि प्रदर्शन बंद करणारा कायदा झाला. तो त्या वर्षाचा पहिलाच कायदा होय. पुढें १८६० च्या पंचेचाळिसाव्या कायद्यानें, म्हणजे दंडसंहितेनें, हा विषय आपल्या २९२ व्या कलमांत घेतला. ही संहिता १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आली. कलमाचा आशय थोडक्यांत असा : जो कोणी अश्लील पुस्तक, कागद, रेखाचित्र, रंगचित्र, प्रतिकृति किंवा आकृति विकील, वांटील, विक्रीसाठीं छापील अथवा बुद्ध्या लोकांच्या दृष्टीस पाडील, त्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा व्हाव्या. यापुढें लगेच अपवाद येतो. देवळावर किंवा देवळांत, अथवा देवाच्या रथावर कोरलेली, रंगविलेली वा अन्य रीतीनें दाखविलेली, किंवा कोणत्याही धार्मिक कार्यासाठीं ठेवलेली प्रतिमा या कलमाखालीं येत नाहीं.

देवळांवरील मिथुनशिल्पांची इंग्रज अधिकाऱ्यांना माहिती होती. १८३८ सालीं कॅप्टन बर्ट यांनीं खजुराहोचीं देवळें पाहून जें वृत्त प्रसिद्ध केलें, त्यांत शिल्पांच्या उघडपणाविषयींची नापसंती स्पष्ट दिसते. वरील अपवाद नसता, तर कलमाच्या शब्दांप्रमाणें खजुराहो, कोणार्क आणि आपल्या विदर्भांतील मार्कंडी येथील शिल्पें लोकांच्या दृष्टीस पाडणारा प्रत्येक मनुष्य गुन्हेगार ठरता. परकी सत्तेनें धर्माच्या वाटेस जावयाचें टाळलें, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

परंतु हा अपवाद ज्याला अभय देतो ती कला नव्हे. तें स्थान होय. जी आकृति देवळाच्या भिंतीवर निर्दोष, तीच गिरगांवांतील छापखान्यांत कागदावर उतरली कीं तिला अपवादाचा आधार उरत नाहीं. शिल्पकाराचा हेतु काय होता, त्याची कारागिरी किती उंचीची होती, पाहणारा कोण होता, या प्रश्नांना कलमांत जागाच नव्हती. देऊळ असेल तर सुटका, नसेल तर नाहीं, एवढाच त्याचा हिशेब होता.

२

या हिशेबांतील उणीव आमच्या वाचकांस परिचित असलेल्या एका उदाहरणानें चटकन् पटेल. शिलाहार व यादव काळांतील दानलेखांच्या शिळांवर, कोंकणांत विशेषेंकरून, "गद्धेगाळ" आढळतो. दान मोडणाऱ्याच्या मातेला उद्देशून दिलेला तो गाढवाचा शाप आहे. वर चंद्रसूर्य, मध्यें लेख आणि खालीं स्त्री व गर्दभ यांची आकृति, अशी या शिळांची मांडणी बहुधा असते. शिलाहार अपरादित्याच्या परळ येथील शके ११०८ च्या लेखांत हा शाप मराठींत आहे, हें मराठीच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे.

आजच्या कोणत्याही कायद्यांत "उग्र प्रतिमा" या शब्दांची जी व्याख्या केली जाईल तींत ही आकृति सहज बसेल. तथापि ती कोरविली कोणीं? राजसत्तेनें. कशासाठीं? स्वतःची आज्ञा टिकावी म्हणून. तिचा हेतु कोणाची वासना चाळविण्याचा नव्हता. दानभूमीकडे वांकड्या नजरेनें पाहणाऱ्याच्या मनांत दहशत बसावी, एवढाच होता. शेतांत उभ्या असलेल्या त्या दगडाजवळून बायकामुलें रोज जात येत असत. एका काळीं उग्र प्रतिमा हें कायद्याचेंच हत्यार होतें, याला आपल्या भूमींतील हा शिलाबद्ध पुरावा आहे.

आतां हा दगड १८६० च्या कलमापुढें ठेवून पाहावा. तो देऊळ नव्हे. देवाचा रथही नव्हे. तो "धार्मिक कार्यासाठीं ठेवलेला" आहे असा युक्तिवाद करतां येईल. पण दानपत्र हें मुख्यतः भूमीच्या हक्काचें साधन असल्यानें तो निर्विवाद टिकेल असें नाहीं. आणि त्या शिळेचें छायाचित्र एखाद्या संशोधनपत्रिकेंत छापून ती विकणाऱ्या संपादकाचें काय? कलमाच्या शब्दांत त्याला कोठेंच आश्रय नव्हता. तो सुरक्षित राहिला तो फिर्यादीच्या अभावामुळें किंवा अंमलदारांच्या समजुतीमुळें राहिला असें म्हणावें लागेल; कायद्याच्या अभयामुळें नव्हे. इतिहाससंशोधनाचा या विषयाशीं संबंध काय, असें कोणीं विचारल्यास त्याला आमचें हें उत्तर आहे.

३

आपल्याकडील न्यायालयांनीं अश्लीलतेची कसोटी इंग्लंडांतून आणली. म्हणून तेथील वाद पाहणें अवश्य आहे. १८५७ सालीं इंग्लंडचे मुख्य न्यायाधीश लॉर्ड कॅम्बेल यांनीं अश्लील प्रकाशनांविरुद्धचें विधेयक उमरावांच्या सभेंत मांडलें. लंडनच्या हॉलिवेल स्ट्रीटमधील विक्री त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि या मालाची तुलना त्यांनीं जालीम विषाशीं केली. झडती घेऊन माल जप्त करण्याचा व नष्ट करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला देणें, हें विधेयकाचें मर्म होतें. अश्लीलतेची व्याख्या त्यांत नव्हती.

लॉर्ड लिंडहर्स्ट यांनीं नेमक्या याच जागीं बोट ठेवलें. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत कोरेज्जो या इटालियन चित्रकाराचें, देवराज ज्यूपिटर व अँटिओपी यांचें चित्र आहे. त्याची छापील प्रत दुकानांत लावणाऱ्यास या विधेयकाखालीं पकडतां येईल कीं नाहीं, असा त्यांचा प्रश्न होता. जुन्या नाटककारांचीं व लॅटिन कवींचीं नांवेंही त्यांनीं पुढें केलीं. कॅम्बेल यांचें उत्तर असें कीं, तरुणांची नीति बिघडविणें हाच ज्यांचा एकमेव उद्देश आहे तेवढ्याच कृतींसाठीं हा कायदा आहे. स्वतःला तिटकारा वाटणारी एक फ्रेंच कादंबरी हातांत धरून, तिच्यासारख्या पुस्तकालाही तो लागू करण्याचा आपला विचार नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. विधेयक संमत झालें. मात्र हें आश्वासन सभेच्या वृत्तांतांत राहिलें, कायद्याच्या शब्दांत उतरलें नाहीं.

त्याचा परिणाम दिसण्यास ११ वर्षें पुरलीं. १८६८ च्या हिकलिन खटल्यांत मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनीं अशी कसोटी घालून दिली कीं, ज्यांचीं मनें अशा अनीतीच्या परिणामास खुलीं आहेत आणि ज्यांच्या हातीं ती कृति पडण्याचा संभव आहे, त्यांना बिघडविण्याची तिची प्रवृत्ति आहे कीं नाहीं, हें पाहावें. म्हणजे कर्त्याचा हेतु गौण ठरला आणि सर्वांत दुबळ्या मनाचा प्रेक्षक हा मापदंड झाला. विधेयक मांडणाऱ्याचा शब्द त्याच्यामागें न्यायालयास बांधून ठेवीत नाहीं, हा धडा येथें प्रथम मिळाला.

४

अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें १८८१ सालीं ही कसोटी आपल्याकडे लागू केली. पुढें १९२३ सालीं जिनिव्हा येथें अश्लील प्रकाशनांच्या प्रसाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यास अनुसरून १९२५ च्या आठव्या कायद्यानें २९२ वें कलम नव्यानें लिहिलें गेलें. आयात, निर्यात, जाहिरात, नफ्यांत भाग घेणें असे अनेक प्रकार गुन्ह्यांत आले. निषेधाचा विस्तार असा बराच झाला. अपवाद मात्र देऊळ, रथ व धर्मकार्य यांपुरताच राहिला. कला आणि शास्त्र यांचें नांव तेव्हांही कलमांत आलें नाहीं.

या उणिवेची झळ महाराष्ट्रांत र. धों. कर्वे यांना लागली. त्यांनीं १९२७ सालीं "समाजस्वास्थ्य" मासिक काढलें व तें १९५३ मध्यें मृत्यूपर्यंत चालविलें. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचें चित्र देण्याचा त्यांचा प्रघात होता. नग्नता आणि अश्लीलता एक नव्हेत, हें त्यांचें प्रतिपादनच त्या चित्रांतून मांडलें जात असे. त्यांच्यावर खटले झाले ते मात्र लेखांवरून व प्रश्नोत्तरांवरून. १९३१ च्या खटल्यांत त्यांना दंड झाला. १९३४ च्या खटल्यांत त्यांच्या वतीनें बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलेलें सर्वच अश्लील ठरत नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. तरीही कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. शास्त्राच्या प्रसारासाठीं लिहिलें, हें म्हणणें न्यायाधीशास पटलें तर पटलें. त्याला कलमाचा आधार नव्हता.

५

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न चित्रकारांच्या दारीं आला. गोव्यांतील साळगांवीं जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनीं १९४७ सालीं रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांच्यासह मुंबईंत पुरोगामी चित्रकारांचा संघ स्थापन केला. १९४९ सालीं मुंबईच्या एका प्रदर्शनांतून सूझा यांचें नग्न आत्मचित्र काढून टाकण्यांत आलें, पोलिसांनीं त्यांच्या घराची झडती घेतली, आणि त्याच वर्षीं सूझा लंडनला निघून गेले.

१९५४ सालीं मुंबईच्या जहांगीर कलादालनांत अकबर पदमसी यांचें प्रदर्शन भरलें. त्यांतील प्रेमी युगुलांचीं दोन चित्रें उतरवावीं असें पोलिसांनीं सांगितलें. २६ वर्षांच्या त्या चित्रकारानें तें मान्य केलें नाहीं. २९२ व्या कलमाखालीं खटला झाला. मॅजिस्ट्रेटनें त्यांना निर्दोष ठरविलें आणि वरिष्ठ न्यायालयांत तो निकाल कायम झाला. एकानें देश सोडला, दुसऱ्यानें न्यायालय गांठलें. परंतु दोघांनाही कलमांतील अपवादाचा कांहीं उपयोग नव्हता, कारण कलादालन म्हणजे देऊळ नव्हे.

६

१९५० च्या संविधानानें भाषणाचें व अभिव्यक्तीचें स्वातंत्र्य दिलें, आणि सभ्यता व नीति यांसाठीं त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही ठेवली. २९२ वें कलम या निर्बंधांत बसतें काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें १९६४ सालीं रणजित उदेशी खटल्यांत आला. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यानें लॉरेन्सची "लेडी चॅटर्लीज लव्हर" ही कादंबरी विकली होती. इंग्लंडांत १९५९ च्या नव्या कायद्यानें लोकहिताचा बचाव मान्य केल्यावर १९६० सालीं याच पुस्तकाचे प्रकाशक सुटले होते. आपल्याकडे तसा बचाव कलमांत नव्हता. न्यायमूर्ति हिदायतुल्ला यांनीं कलम वैध ठरविलें, हिकलिनची कसोटी कांहीं सुधारणांसह ठेवली आणि शिक्षा कायम केली.

तथापि त्याच निकालपत्रांत प्रतिमांविषयीं एक महत्त्वाचें विधान आहे. नग्नता एवढ्यावरून कलाकृति अश्लील होत नाहीं. मायकेलअँजेलोचे देवदूत व संत पाहण्यापूर्वीं त्यांना विजार चढविण्याची आवश्यकता नाहीं, अशा अर्थाचें तें आहे. कला आणि अश्लीलता एकत्र असतील तेथें कलेनें अश्लीलतेला झांकोळून टाकलें पाहिजे, असाही दंडक त्यांनीं सांगितला. न्यायालय येथपर्यंत आलें. पुढचें पाऊल विधिमंडळानें टाकावयाचें होतें.

तें राज्यसभेंतील एका खाजगी विधेयकानें टाकलें गेलें. दिवाण चमनलाल यांनीं १९६३ सालीं मांडलेलें दंडसंहितेच्या दुरुस्तीचें विधेयक सहा वर्षांनीं, सप्टेंबर १९६९ मध्यें, कायदा झालें. योगायोग असा कीं त्याच्या आदल्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें चंद्रकांत काकोडकर यांना "रंभा" मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांतील कथेबद्दल दोषमुक्त केलें होतें. ही कथा लिहून ७ वर्षें झालीं होतीं!

दुरुस्तीनें तीन गोष्टी केल्या. पहिली, अश्लीलतेची व्याख्या प्रथमच कलमांत आली आणि कृति समग्र पाहावी असें ठरलें. दुसरी, विज्ञान, वाङ्मय, कला किंवा विद्या यांच्या हितासाठीं असल्यामुळें लोकहितार्थ समर्थनीय असें सिद्ध झालेलें प्रकाशन अपवादांत आलें. तसेंच १९५८ च्या कायद्यांतील व्याख्येप्रमाणें जें प्राचीन स्मारक असेल त्यावरील प्रतिमाही वगळल्या गेल्या. या व्याख्येंत किमान १०० वर्षांचे शिलालेख व एकाश्म यांचा समावेश असल्यानें आमची गद्धेगाळाची शिळा अखेर १९६९ सालीं निर्धास्त झाली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तिसरी गोष्ट पुष्कळदां विसरली जाते : शिक्षा वाढली. ३ महिन्यांच्या जागीं पहिल्या गुन्ह्यास २ वर्षांपर्यंत व पुनः केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आली. अपवाद रुंदावला आणि दंडही जड झाला.

येथें "सिद्ध झालेलें" हा शब्द वाचकांनीं लक्षांत घ्यावा. देवळाला कांहीं सिद्ध करावें लागत नाहीं. त्याचें देऊळपण उघड दिसतें. कलावंताला मात्र आपल्या कृतीचें लोकहित आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहून दाखवावें लागतें. इंग्लंडच्या १९५९ च्या कायद्यांत तज्ज्ञांची साक्ष घेण्याची स्पष्ट तरतूद आहे. ती आपल्या दुरुस्तींत आली नाहीं.

७

या भाराचें खरें वजन पंढरपूर येथें जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या प्रकरणांत दिसून आलें. नग्न स्त्रीरूपाचें त्यांचें एक चित्र २००६ सालीं लिलावाच्या जाहिरातींत "भारतमाता" या नांवानें प्रसिद्ध झालें आणि देशाच्या निरनिराळ्या भागांत फिर्यादी झाल्या. ८ मे २००८ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति संजय किशन कौल यांनीं त्या रद्द केल्या. निकाल चित्रकाराच्या बाजूनें लागला, पण चित्रकार परत आले नाहींत. ते २००६ पासून परदेशीं होते. २०१० सालीं त्यांनीं कतारचें नागरिकत्व घेतलें व २०११ सालीं लंडनमध्यें त्यांचा अंत झाला.

त्याच ८ मे २००८ या दिवशीं इंग्लंडांत एका नव्या कायद्यास राणीची संमति मिळाली. त्याच्या ६३ व्या कलमानें "उग्र कामुक प्रतिमा" जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरला. विक्री किंवा प्रदर्शन यांची अट तेथें उरली नाहीं. समर्थकांचें म्हणणें निराधार नव्हतें : परदेशांतून इंटरनेटवर येणाऱ्या चित्रांचा प्रकाशक हातीं लागत नाहीं, आणि कांहीं चित्रें जिवंत मनुष्यावरील खऱ्या अत्याचाराचीं असतात. विरोधकांचा आक्षेप असा कीं नाटकी, बनावट दृश्यही त्याच जाळ्यांत सांपडतें, आणि १९५९ च्या कायद्यांतील लोकहिताचा बचाव येथें दिलेला नाहीं. परीक्षणमंडळानें प्रमाणित केलेले चित्रपट वगळले आहेत. परंतु कामोद्दीपनाच्या हेतूनें त्यांतून वेगळा काढलेला तुकडा वगळलेला नाहीं. म्हणजे १८६० च्या देवळाची जागा येथें प्रमाणपत्रानें घेतली आहे. चौकटींत आहे तोंवर निर्दोष, चौकटीबाहेर आल्यास संशयित.

आपल्याकडे हिकलिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं, एका टेनिसपटूच्या छायाचित्रावरील खटल्यांत, सोडून दिली व समकालीन समाजाच्या मापानें पाहावें असें ठरविलें. १८६८ पासून मोजल्यास तिला १४६ वर्षांचें आयुष्य लाभलें. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्यायसंहिता आली. तिच्या २९४ व्या कलमांत देऊळ, रथ, स्मारक व लोकहित हे सारे अपवाद कायम आहेत.

तरीही २०२३ सालीं मुंबईच्या जकात अधिकाऱ्यांनीं परदेशांतील लिलावांतून आलेल्या ७ कलाकृति अश्लील म्हणून अडकविल्या. आणि त्या होत्या सूझा व पदमसी यांच्या! तो आदेश ऑक्टोबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें रद्द केला. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि अधिकाऱ्यानें स्वतःच्या आवडीनिवडीला कायद्याचें रूप देऊं नये, असा त्याचा इत्यर्थ आहे. जें १९५४ सालीं एकदां ठरलें होतें तें त्याच शहरांत ७० वर्षांनीं पुनः ठरवावें लागलें.

८

वरील विवेचनावरून आमचे निष्कर्ष असे.

उग्र प्रतिमांवर कायदाच नको, असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. जी प्रतिमा जिवंत मनुष्यावर, विशेषतः बालकावर, घडलेल्या अत्याचाराची नोंद आहे, ती त्या गुन्ह्याचाच एक भाग होय. कलेच्या नांवाखालीं तिची तरफदारी करतां येत नाहीं. परंतु कोरलेली, रंगविलेली, कल्पिलेली प्रतिमा ही निराळी गोष्ट आहे. या दोहोंना एकाच शब्दानें बांधणारा कायदा पहिलीला पकडावयास निघतो आणि दुसरीच्या दारांत जाऊन उभा राहतो.

म्हणून असें कोणतेंही नवें विधेयक पुढें आल्यास अभ्यासकानें प्रथम त्याचा अपवाद वाचावा. सुटका स्थानावर वा प्रमाणपत्रावर अवलंबून आहे कीं कृतीच्या हेतूवर. सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर आहे कीं कर्त्यावर. आणि विधेयक मांडणाऱ्यानें सभेंत दिलेला शब्द कलमांत उतरला आहे काय, हें त्यानें पाहावें. लॉर्ड कॅम्बेल यांचा शब्द प्रामाणिक होता. तो ११ वर्षें टिकला. परळच्या शिळेवर कोरलेला शाप आठ शतकांनंतरही वाचतां येतो. जें टिकावें असें वाटतें तें लिहून ठेवावें लागतें, ही गोष्ट शिलाहारांच्या लेखकास माहीत होती. कायदे करणाऱ्यांनींही ती विसरूं नये.